हिरवा पट्टा

पहिल्या दिवशी वह्या मिळाल्या,
करकरीत, मुखपृष्ठावर म्वान्झा नगरपालिकेचा मासा.
सतरा वॉर्ड, सतरा कारभारी,
आणि हॉटेलच्या सभागृहात एवढा गारठा
की म्हातारा बुकोली टेबलावरचं कापड ओढून
ते पांघरूनच बसला.

कंपालाहून आलेल्या नामुबिरू बाई म्हणाल्या,
बारा वर्षांत तुमचं शहर दुप्पट.
पडद्यावर एक ठिपका सुजत गेला
गांधीलमाशी चावलेल्या ओठासारखा.
आम्ही लिहून घेतलं: दुप्पट.
मागून कोणीतरी विचारलं, पगार पण का?
हशा. चहा. चपाती.

दुसऱ्या दिवशी सांडपाणी.
पारदर्शक नळीत पाणी भरायचं,
एक टोक मी धरायचं, एक बुकोलीने.
पाणी हेलकावतं, मग दोन्हीकडे
एकाच उंचीवर येऊन थांबतं.
साहेब कोण, शिपाई कोण, त्याला कळत नाही.
एकोणीस वर्षं नोकरी केली,
पाणी कुठे मुरतं ते तोंडाने पुष्कळांनी सांगितलं,
बोटाने पहिल्यांदाच कोणी दाखवलं.

तिसऱ्या दिवशी नकाशा.
भिंतभर, आकाशातून काढलेला.
बाजार लाल. वस्ती करडी. सरोवर कडेकडेने निळं.
आणि मावेनीचा डोंगर हिरवा.
हिरवा म्हणजे मोकळी जागा, बाई म्हणाल्या,
हिरवा म्हणजे इथे अजून काही करता येईल.

मी उठले. खुर्ची जरा जास्तच वाजली.
म्हटलं, बाई,
तुमच्या काठीचं टोक आहे ना,
त्या शिळेला पाठ लावून माझी चूल आहे.
मी न्यान्झोबे लुहेंडे, वॉर्ड अधिकारी,
तीन मुलं, एक शेळी,
मोकळी जागा.

कोणी हसलं नाही.
गेल्या वर्षी लाल रंगाचा डबा घेऊन
मीच फिरले होते ओढ्याकाठी,
दारादारावर फुली.
फुली मारणारा हात रात्री कुठे झोपतो
हे कोणी विचारलं नव्हतं.
मीही सांगितलं नव्हतं.

बाईंनी काठी खाली ठेवली,
पेन पुढे केलं. मग काढा, म्हणाल्या.

मी नळापासून सुरुवात केली,
पहाटे चारला तिथे हंडे माणसांआधी उभे असतात.
मग खडकात खोदलेल्या एकाहत्तर पायऱ्या.
मग ते वळण, जिथे शवपेटी
उभी धरून उतरवावी लागते.
बुकोली कापड टाकून आला,
त्याच्या मुलीचं घर त्याने स्वतः काढलं,
खिडकीसकट, नकाशात खिडकी काढत नाहीत तरी.
संडास उपसणारा कुल्वा
हातगाडी रात्री कुठे रिकामी करतो,
मला माहीत आहे.
ते मी काढलं नाही.
पेनाचं टोपण लावलं. बसले.
परत उठले, आणि ते काढलं.

हिरवा रंग दिसेनासा झाला.

चौथ्या दिवशी अर्थसंकल्प.
त्याबद्दल मी काही बोलत नाही.

पाचव्या दिवशी फोटो, प्रमाणपत्र,
माझ्या नावातला एक 'न' गळालेला.
बाईंनी विचारलं, आणखी काही हवंय?
म्हटलं, ती नळी.

संध्याकाळी मी वरच्या शिळेवर,
शेजारची मिन्झा खालच्या,
मध्ये नळी, आणि पोरांची गर्दी,
प्रत्येकाला टोक धरायचंय.
इथून गटार जाऊ शकेल का,
कोणाचं कुंपण हलवावं लागेल,
बहुतेक माझंच.
पाणी खालीवर, खालीवर.
थांबलं का, मिन्झा खालून ओरडली.
अजून नाही, म्हटलं,
हलू नकोस.